बाळासोबत पहिला लांबचा प्रवास करताय?
अगं टेन्शन नको घेऊस, फक्त दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरव, बाकी वेळ बाळाच्या झोपेला नि खाण्याला मोकळा ठेव. विमानात कान दुखतात ते जास्त करून उतरताना, आणि विमान खाली यायला लँडिंगच्या साधारण अर्धा तास आधीच सुरुवात होते, तर दूध त्या वेळेसाठी राखून ठेव, गिळलं की कान मोकळे होतात. गाडीने जाणार असाल तर दर दोन तासांनी थांबाच, आणि कितीही रडलं तरी चालत्या गाडीत कारसीटमधून काढून मांडीवर घ्यायचं नाही, हे अगदी कळकळीने सांगतेय. डायपर, कपडे हाताशी ठेवशीलच, पण स्वतःचाही एक जास्तीचा टॉप ठेव, उलटी बहुतेक आपल्याच अंगावर होते गं.