४८ तासांत मराठी शब्दखेळ बनवून ओपन सोर्स करता येईल का? आम्ही नांदेडचे दोघं नवखे आहोत.

येईल, पण खेळ एकच आणि एका पानाचा ठेवा: लपलेला तीन अक्षरी शब्द, सहा प्रयत्न, बस्स. लॉगिन, गुणतक्ता वगैरेच्या नादी लागू नका. मी असे दोन खेळ केलेत. दोन्ही वेळा वेळ खाल्ला तो अक्षरं मोजण्यानं. ‘हिंगोली’ आपल्याला तीन अक्षरं, पण जावास्क्रिप्टच्या लेंग्थला (लांबी मोजणाऱ्या गुणधर्माला) सात, कारण वेलांटी, अनुस्वार, काना सगळे वेगळे मोजले जातात. त्यामुळे इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter, मजकूर अक्षरांत तोडणारं जावास्क्रिप्टमधलंच साधन) वापरा. त्यातही जुन्या ब्राउझरमध्ये ‘सिल्लोड’चं जोडाक्षर तुटून चार तुकडे होतात, म्हणून हलन्तानंतरचं (पाय मोडायच्या चिन्हानंतरचं) व्यंजन मागच्याला चिकटवायची चार ओळी स्वतः लिहा. पहिल्या रात्री हेच उरका, रंगरंगोटी नंतर. शब्द हातानं निवडलेले शंभर पुरेत. लातूर, जालना, नांदेड आयतेच तीन अक्षरी आहेत.

एक मात्र बघा: कोडला एमआयटी परवाना (कुणालाही कोड वापरू देणारा) दिला म्हणून शब्दांची यादी मोकळी होत नाही. शब्द विक्शनरीतून (मुक्त ऑनलाइन शब्दकोशातून) उचलले तर तिथला सीसी बाय-एसए परवाना (श्रेय द्या आणि पुढेही तोच परवाना ठेवा) त्या यादीला लागतो, तो वेगळ्या फाइलीत नोंदवा.