'सेवाशिक्षण' म्हणावं की 'सेवेतून शिक्षण'?

माध्यमिक शाळेतल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: "शाळेच्या मूल्यांकनासाठी मराठीत टिपण लिहायचं आहे. विषय इंग्रजीत आलाय, शाळांमधलं 'क्वालिटी सर्व्हिस-लर्निंग' (म्हणजे मुलांनी समाजाच्या उपयोगाचं काम करता करता त्यातूनच अभ्यास शिकणं) कसं ओळखावं आणि कसं टिकवावं. मी 'गुणवत्तापूर्ण सेवा शिक्षण' असं लिहिलं, तर मुख्याध्यापकांना ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल वाटलं. योग्य शब्द कोणता?"

ताई, मुख्याध्यापकांचं काहीच चुकलेलं नाही. शाळेच्या कार्यालयात 'सेवा' म्हणजे नोकरी. सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती, सेवांतर्गत प्रशिक्षण, या रांगेत 'सेवा शिक्षण' जाऊन उभं राहिलं की तेही त्यांच्यातलंच वाटणार. त्यात तुम्ही दोन शब्द सुटे लिहिलेत. मराठीत सामासिक शब्द जोडून लिहितात. 'सेवाशिक्षण' लिहिलं असतंत तर निदान समास आहे एवढं तरी कळलं असतं. पण कोणता समास? खरी गोची तिथेच आहे.

विग्रह करून बघा. सेवेचं शिक्षण, म्हणजे सेवा कशी करावी याचे धडे. सेवेसाठी शिक्षण, म्हणजे पुढे समाजकार्य करणाऱ्यांची तयारी. सेवेने मिळणारं शिक्षण. आणि द्वंद्व धरला तर सेवा आणि शिक्षण, दोन्ही. चार विग्रह, चार वेगळे उपक्रम. यातला कोणता हवा हे शब्द सांगत नाही.

गंमत म्हणजे मूळ इंग्रजी शब्दालाही हीच अडचण आली होती. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसी यांनी तो वापरात आणला. पुढे जो तो आपापल्या कार्यक्रमाला तेच नाव देऊ लागला, तेव्हा 1994मध्ये सिग्मननी एक युक्ती केली. ज्या कार्यक्रमात सेवेला महत्त्व आणि शिकणं नावापुरतं, तिथे 'सर्व्हिस' मोठ्या लिपीत. जिथे उलटं, तिथे 'लर्निंग' मोठ्या लिपीत. दोन्ही आहेत पण एकमेकांशी संबंध नाही, तिथे दोन्ही शब्द छोटे आणि मधली आडवी रेघ गायब. दोन्ही तोलामोलाचे आणि एकमेकांना बळ देणारे, तिथे दोन्ही मोठे आणि मध्ये रेघ. सगळी मदार त्या एवढ्याशा रेघेवर. आपल्या देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही, त्यामुळे ही युक्ती आपल्याला जमणार नाही. त्याची गरजही नाही, कारण आपल्याकडे विभक्ती आहे.

म्हणून माझं उत्तर: समास सोडा आणि 'सेवेतून शिक्षण' लिहा. 'खेळातून शिक्षण', 'कृतीतून शिक्षण' हे शब्द शिक्षकांच्या तोंडी आहेतच, त्यांच्या शेजारी हा सहज बसतो. 'सेवेतून' म्हटल्यावर सेवापुस्तक आठवत नाही. ('सेवेतून निवृत्त' मात्र आठवतं, पण पुढे 'शिक्षण' आलं की ती शंका फिटते.) आणि मुख्य म्हणजे तो '-तून'. घरात, घरातून, विहिरीत, विहिरीतून. आधी आत असल्याशिवाय बाहेर येता येत नाही. '-तून'मध्ये 'आत' दडलेलं आहे. शिकणं सेवेच्या पोटातून निघालं पाहिजे, सेवेच्या शेजारी बसून चालणार नाही, ही अट एका प्रत्ययात आली.

तुमच्या प्रश्नातल्या 'कसं ओळखावं' याचं अर्धं उत्तरही तिथेच आहे. समजा, आठवीच्या मुलांनी गावातल्या आडाभोवतीचा कचरा काढला. छान झालं, पण ही स्वच्छता मोहीम झाली. समजा, वर्गात बसून पाण्याच्या शुद्धीकरणाचा धडा शिकली. तो विज्ञानाचा तास झाला. आता समजा, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाबरोबर जाऊन मुलांनी दहा नळांवर ओटी टेस्ट केली, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते तपासलं. पाण्याच्या नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकले, पिवळा रंग येतो का ते पाहिलं. टाकीजवळच्या नळाला रंग आला आणि वस्तीच्या टोकाच्या नळाला आलाच नाही. मग प्रश्न पडला, टाकीत टाकायची टीसीएल पावडर (क्लोरीनची भुकटी) कमी पडते, की क्लोरीन वाटेतच संपतो, की पाइप कुठे फुटलाय? विज्ञानाच्या बाई, गणिताचा आलेख, मराठीतलं अहवाललेखन सगळं कामाला लागलं आणि शेवटी ते ग्रामसभेत वाचून दाखवलं. इथे '-तून' लागू पडतो. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या घरांना उपयोग झाला, आणि ते पाणी तपासल्याशिवाय मुलांना जे कळलंच नसतं ते कळलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे या अर्थाचे जुने शब्द नव्हते का? भरपूर होते, आणि प्रत्येकाचं काहीतरी झालं. 1937च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना 'नई तालीम' म्हणून पुढे आली. मराठीत 'मूलोद्योग' आणि 'जीवनशिक्षण' हे शब्द त्याच घरातले. त्यात भर हातांच्या उत्पादक कामावर होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा व शिका' मध्ये 'व' आहे, सरळ द्वंद्व: कष्ट करून शिक्षणाचा खर्च भागवायचा. तो शब्द आपल्या कामाला चोख आहे, त्याला दुसरीकडे ओढू नये. कोठारी आयोगाने (1964-66) 'कार्यानुभव' आणला, 1977च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य'. यातल्या 'समाजोपयोगी' मध्ये आपल्याला हवं ते बरंचसं होतं. पण वेळापत्रकात जाऊन 'कार्यानुभवाचा तास' म्हणजे कागदी फुलं, नाहीतर गणिताच्या सरांना अभ्यासक्रम पुरा करायला मिळालेला जादा तास, असं झालं. शब्द चांगला असून भागत नाही, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

'श्रमदान' तर नकोच. दान दिलं की संपलं, त्यात शिकण्याला जागाच नाही. 'समाजसेवा' एकाच दिशेने वाहते. आणि सावध राहण्यासारखा आणखी एक शब्द म्हणजे 'दत्तक'. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. तेव्हापासून श्रमसंस्कार शिबिरं आणि 'दत्तक गाव' ही जोडी आपल्या कानात बसली आहे. मुलाला दत्तक घेतात, तेव्हा दोन्ही घरं बसून बोलतात. गावाला कोणी विचारलेलं असतं का? ज्या गावाला आपल्यापेक्षा शेती, पाणी, माणसं जास्त कळतात, त्याला अठरा-वीस वर्षांच्या पोरांनी दत्तक घ्यायचं! तुमच्या टिपणात 'सहभागी गाव' म्हणा, 'सोबतचं गाव' म्हणा, पण 'दत्तक' टाळा.

हिंदीवरून उचललेला 'सेवा शिक्षा' तर अजिबात नको, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण मी तो मराठी फलकावर पाहिला आहे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. शिवाय 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांना 'सामुदायिक सेवा' ही शिक्षा आहेच. उशिरा आलेल्या मुलांना मैदान झाडायला लावणाऱ्या शाळांनी हा अर्थ कायद्याच्या आधीच रूढ केला होता, ते वेगळं.

'सेवा' आणि 'ज्ञान' यांची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे तीन मार्ग एका दमात येतात: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. ज्ञानेश्वरीत त्यावर सेवेला ज्ञानाच्या घराचा 'दारवंटा' म्हटलं आहे. अर्थात तिथली सेवा गुरूची आहे, वस्तीच्या टोकाच्या नळाची नव्हे. ओढूनताणून अर्थ काढायला नको. पण 'परिप्रश्न' हा शब्द मात्र मला इथे फार उपयोगाचा वाटतो. कारण सर्व्हिस-लर्निंगमधला सर्वांत अवघड शब्द 'रिफ्लेक्शन' आहे. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत त्याचं कधी 'परावर्तन' होतं (ते आरशाचं), कधी 'प्रतिबिंबन'. 'चिंतन' म्हटलं की मुलं डोळे मिटून बसतात. काम झाल्यावर मुलांनी गोल करून बसायचं आणि विचारायचं, असं का झालं, आपलं काय चुकलं, टोकाच्याच घरांना पाणी शेवटी का मिळतं. हे चारी बाजूंनी विचारणं म्हणजे परिप्रश्न. शब्द भारदस्त वाटला तर 'विचारपूस' लिहा, मी हरकत घेणार नाही.

आता 'क्वालिटी'. 'गुणवत्ता' शाळेत बिघडलेला शब्द आहे. गुण म्हणजे मार्क, गुणवत्ता यादी म्हणजे मेरिट लिस्ट. 'गुणवत्तापूर्ण सेवा' वाचून पालक विचारतील, याला किती गुण? 'दर्जेदार' चालेल, पण तो फरसाणाच्या पुड्यावरही असतो. माझी पसंती 'कस' या शब्दाला. सोन्याचा कस लावतात, तो ओळखण्यासाठी. कसोटी तिथूनच आली. आणि जमिनीचा कस राखतात, तो टिकवण्यासाठी. तुमच्या विषयातली 'ओळखणं' आणि 'टिकवणं' ही दोन्ही क्रियापदं एकाच दोन अक्षरी शब्दात आहेत. सोन्याचा कस एकदा लावला की झालं; जमिनीचा दर हंगामात उतरतो आणि दर हंगामात भरावा लागतो. शाळेतल्या कामाचा कस जमिनीच्या जातीचा आहे.

कसोटी कशाची लावायची, यावर अमेरिकेतल्या नॅशनल यूथ लीडरशिप कौन्सिलने 2008मध्ये शाळांसाठी आठ मानकं ठरवली. सगळ्यांचा अनुवाद इथे करत बसत नाही. अर्थपूर्ण सेवा, अभ्यासक्रमाशी जोड, भागीदारी ही सरळ आहेत. दोन ठिकाणी मात्र अडायला होतं. 'यूथ व्हॉइस'चं 'युवा आवाज' करू नका, ते घोषणेसारखं वाटतं. 'मुलांच्या शब्दाला वजन' हे मराठी आहे: कोणता नळ तपासायचा हे मुलांनी ठरवलं का, एवढाच त्याचा अर्थ. आणि 'ड्युरेशन अँड इंटेन्सिटी'. कालावधी व तीव्रता म्हटलं की भूकंपाची बातमी वाटते. लोणचं घालणाऱ्या कुठल्याही घरात त्याला 'मुरणं' म्हणतात. 2 ऑक्टोबरला अर्धा दिवस झाडू मारून काही मुरत नाही.

तास मोजून मुरतं का? मेरीलँड राज्याने 1992मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करायला 75 तासांच्या सेवेची अट घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास भरावे लागतात. मेरीलँडच्या अटीत एक शहाणपण आहे: पूर्वतयारी आणि नंतरचा विचार हेही सेवेचाच भाग धरतात. पण 'तास भरणे' हा मराठी वाक्प्रचारच पुरेसं सांगतो. घागर भरते, पोट भरतं, तास आणि दिवस मात्र नुसते भरले जातात.

टिकण्याबद्दल. 'शाश्वत' लिहू नका. सध्या तो शब्द प्रत्येक प्रस्तावात असतो आणि प्रस्तावाइतकाच टिकतो. अमेरिकेत या कामाला केंद्राचा निधी 'लर्न अँड सर्व्ह अमेरिका'मार्फत मिळे, तो 2011मध्ये बंद झाला. आपल्याकडे निधीपेक्षा बदली मारते. 'उपक्रमशील शिक्षक' गेले की उपक्रमही त्यांच्याबरोबर जातो. तसा 'उपक्रम' या शब्दाचा मूळ अर्थच आरंभ. त्याची जोडी 'उपसंहारा'शी. आपल्या शाळांत नुसते आरंभच आरंभ असतात, याचं मग नवल वाटत नाही. याला उतारा म्हणून मला 'वहिवाट' हा शब्द सुचतो. लोक रोज जातात म्हणून पडलेली वाट, आणि कालांतराने तिच्यावर हक्क सांगता येतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो 1983मध्ये सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवड्यातला एक दिवस कामाचा असतो आणि मुलांनी गावाला उपयोगी सेवा देणं हा त्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. वेळापत्रकात वार ठरला की बदलीवर आलेल्या नव्या बाईंनाही तो वार पाळावा लागतो. गावालाही सवय लागते, आणि नळ तपासायला पोरं आली नाहीत तर कोणीतरी शाळेत येऊन विचारतं. त्या विचारण्याला वहिवाट म्हणायचं.

एक कबुली द्यायला हवी. 'सेवेतून शिक्षण'मध्ये पारडं शिक्षणाकडे झुकतं. गाव साधन होतं, मुलं साध्य. सिग्मनची रेघ दोन्ही बाजूंना सारखी होती, आपला '-तून' एकेरी आहे. यावर पक्का उपाय माझ्याकडे नाही. टिपणात एकदा तरी उलटा प्रयोग करून बघा, 'शिक्षणातून सेवा'. तुमचा उपक्रम दोन्ही वाक्यांत बसत असेल तर मथळ्यात कोणताही लिहिलात तरी चालेल.

मथळा मी असा करीन: 'सेवेतून शिक्षण: कस ओळखणे, कस राखणे'. मुख्याध्यापकांना दाखवा. त्यांनी पुन्हा सेवापुस्तक काढलं तर कळवा.