इंग्लंडमध्ये आमच्या गावाबाहेर शेतात गोल टेकाड आणि भोवती खंदक आहे, दगड एकही नाही. तिथे खरंच किल्ला होता का?

असू शकतो, आणि दगड नाही म्हणून किल्ला नाही हे आधी डोक्यातून काढा. आपल्याला किल्ला म्हटलं की रायगड-राजगडचे बुरूज आठवतात, पण १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनी त्यानंतर इंग्लंडभर घाईघाईत जे किल्ले उठवले त्यातले बहुतेक माती-लाकडाचेच होते. खंदक खणायचा, तीच माती मधे रचून टेकाड करायचं (याला मॉट म्हणतात), वर लाकडी मनोरा, आणि शेजारी बांध घालून बंदिस्त केलेलं आवार म्हणजे बेली, घोडे, माणसं, चुली सगळं तिथे. पुढे लाकूड कुजलं, माती उरली. वेल्समध्ये माँटगोमरीजवळ हेन डोमेन नावाची अशीच एक किल्ल्याची जागा आहे, वरून बघाल तर गवत नि झाडी, पण पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्करने १९६० पासून वर्षानुवर्षं तिथे अगदी सावकाश खणलं तर लाकडी इमारतींच्या खुणा निघाल्या, एक पाडून त्याच जागी दुसरी बांधलेली.

पण नुसत्या आकारावरून टेकाडाचं वय सांगायला जाऊ नका, त्यात भलेभले फसलेत. मार्लबरोचं टेकाड बरेच जण नॉर्मनच धरून चालायचे, मग २०१० च्या सुमारास त्यात आरपार भोकं पाडून मातीचे नमुने काढले आणि आतल्या कोळशाचं वय निघालं साधारण इ.स.पू. २४००! यॉर्कशरमधल्या स्किप्सीचं तर लोहयुगातलं निघालं. नॉर्मन लोकांना आयती उंच जागा मिळाली, त्यांनी तिच्यावर किल्ला चढवला, एवढंच. त्यामुळे किल्ला होता का आणि टेकाड कोणी रचलं, हे दोन वेगळे प्रश्न धरा.

तुम्ही एवढं बघा, शेजारी बेलीचा बांध दिसतो का, जवळ जुनं चर्च किंवा नदी पायी ओलांडायची जागा आहे का. टेकाड बुटकं असेल आणि माथ्यावर फुलीसारखा खोलगट चर असेल तर ती बहुधा पवनचक्कीची जागा, तिथे किल्ल्याची आशा सोडा. हिवाळ्यात ऊन तिरपं असताना जा, एरवी न दिसणारा वीतभर उंचवटाही सावलीने उठून दिसतो. इंग्लंडचा लायडार डेटा (विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे उंचसखल भाग) ऑनलाइन फुकट आहे, तोही बघा. आणि मेटल डिटेक्टर घेऊन जायचा विचार असेल तर आधी जागा संरक्षित यादीत आहे का ते तपासा, असेल तर परवानगीशिवाय तो वापरणं गुन्हा आहे.