पत्रात एकदाच आलेली आई

प्रिय लेकी,

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. वहिनीच्या बाळंतपणासाठी आई-बाबा फेब्रुवारीत न्यू जर्सीला गेले आणि मार्चमध्ये बाबा तिथेच हार्ट अटॅकने गेले. दादाने अंत्यसंस्कार तिथेच उरकले. आता तो म्हणतो, थोड्या अस्थी माझ्याकडे राहू देत, बाकीच्या डिसेंबरात घेऊन येतो. तुला मात्र त्या सगळ्या, पितृपक्षाच्या आत, संगम माहुलीला हव्यात. दादाला समज द्या, असं तू मला लिहिलंस.

समज मी तुला देणार आहे.

तिसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य आहे : ‘आईचा मुक्काम वाढवायचा अर्ज दादाने भरलाय, बाळ लहान आहे, तेवढीच मदत.’ चार पानांत आई एवढीच. बाबांच्या अस्थींसाठी तू भावाशी अबोला धरलास, आणि जिवंत आई पाच महिने तिकडे आहे याचं तुला काहीच वाटलं नाही? ती घरी कधी येणार, हे तुम्हा दोघांपैकी एकाने तरी तिला विचारलं का?

आपल्याकडे माणूस गेलं की दार लोटलेलं नसतं. शेजारीण पिठलं-भाकरी आणते, जाऊ रात्री शेजारी झोपते, भेटायला येणारी प्रत्येक बाई तीच हकिगत पुन्हा विचारते आणि सांगता सांगता रडून होतं. तुझ्या आईला यातलं काय मिळालं? नवरा गेला आणि ती बाळाच्या दुधाच्या बाटल्या धूत राहिली. सातारच्या घरात बाबांचा चष्मा, त्यांची खुर्ची, सगळं तसंच असेल. ते तिने अजून पाहिलेलंही नाही.

दादाचं फार चुकलं असं मला वाटत नाही. तिथून देह आणायचा तर रसायनं भरून, पेटी सीलबंद करून, हजारो डॉलर मोजून आणावा लागतो. घरात ओली बाळंतीण होती. राहिला रीतीचा प्रश्न. 1887 साली पुण्यात वारलेल्या आनंदीबाई जोशींच्या अस्थी खुद्द गोपाळरावांनी अमेरिकेला, आनंदीबाईंना तिथे आपल्या घरी ठेवून घेतलेल्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला त्या घराण्याच्या जागेत त्या पुरल्या आहेत. आपल्याकडे वेचलेल्या अस्थी लोट्यात मावतात, तिथे सगळ्या हाडांची पूड करून देतात, ती दोन-तीन किलो भरते. त्यातली मूठभर मुलाने ठेवली तर ठेवू दे.

आज रात्री साडेआठला आईला फोन कर. तिथे सकाळचे अकरा वाजलेले असतील, दादा कामावर असेल. अस्थींचा विषय काढू नकोस. एवढंच विचार : ‘आई, तुला घरी कधी यायचंय?’ ‘बाळ जरा मोठं होऊ दे’ म्हणाली, तर ते लगेच खरं मानू नकोस. उद्या पुन्हा विचार, परवा विचार.

ती हो म्हणाली की मग दादाला फोन कर, आणि आधी तूच अबोला सोड. कलश लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्यायला सांग; धातूचा असला तर एक्स-रेत आतलं दिसत नाही आणि विमानतळावर अडवतात. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीचं पत्र आणि बाबांचा रद्द केलेला पासपोर्ट, सगळं आईच्या हातातल्या पिशवीत. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून त्यातल्या एकीवर तिथल्या राज्य सरकारकडून अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशातही खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का, करून घ्यायला सांग. बाबा निवृत्त शिक्षक होते असं तू लिहिलंस. त्यांचं पेन्शन आता आईच्या नावावर व्हायचंय, आणि ते पैसे तिचे स्वतःचे आहेत. तिकीट मध्ये विमान बदलावं लागणार नाही असं बघा, व्हीलचेअर मागून घ्या. ती एकटीने पहिल्यांदाच येणार आहे.

कलश तिच्यासोबतच येऊ दे. जाताना दोघं शेजारी बसून गेली होती.

मुंबईला उतरवून घ्यायला तू स्वतः जा. आणि त्याआधी साताऱ्याचं घर उघड, झाडून घे, शेजारच्या बायकांना सांगून ठेव की आई येतेय. माहुलीला कधी जायचं ते तिला ठरवू दे.