बोटाच्या हाडात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा निघालाय. हा कॅन्सर असतो का? ऑपरेशन करावंच लागतं का?

कॅन्सर नाही, आधी ती धास्ती काढून टाका. ही गाठ साधी असते, शरीरात पसरत नाही आणि सहसा दीड सेंटिमीटरच्या आतच राहते. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात जास्त आढळते, बोटात क्वचित, म्हणून डॉक्टरांनाही ती चटकन सुचत नाही.

माझ्या मधल्या बोटाच्या तळाच्या पेरात होती. पेर सुजून अंगठी अडकायला लागली, एक्स-रेत काही नाही. आधी संधिवात ठरला, मग टेंडनची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) सूज ठरली, इंजेक्शनही टोचून झालं. दिवसा दुखणं सोसवायचं, पण रात्री दोन-अडीचला असा ठणका लागायचा की हात उशाशी उंच धरून बसायचो. आयबुप्रोफेन घेतली की थोड्या वेळात गायब. तिसऱ्या डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं: "रात्री वाढतं का? गोळीने थांबतं का?" या गाठीत प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं आणि सूज वाढवणारं रसायन भरपूर तयार होतं आणि ही गोळी तेच रोखते, म्हणून एवढा फरक पडतो.

तुमचा फक्त एमआरआय झाला असेल तर सीटीबद्दल विचारा, तोही बारीक कापांचा. एमआरआयमध्ये आजूबाजूची सूज इतकी भडक दिसते की जंतुसंसर्ग वाटावा. सीटीत माझी गाठ स्वच्छ दिसली: चार मिलिमीटरचं काळं वर्तुळ, मधोमध पांढरा ठिपका.

ऑपरेशन करावंच असं नाही. काहींची गाठ काही वर्षांत आपोआप शमते, पण तोवर गोळ्यांवर काढायचं म्हणजे पोट आणि किडनी सांभाळावी लागते. मला ते झेपणारं नव्हतं. सुईने गाठ जाळायची पद्धतही आहे, मोठ्या हाडांत चांगली चालते. बोटात मात्र कातडी, नस, टेंडन सगळं हाडाला चिकटून, तिथे भाजायची भीती. म्हणून हँड सर्जननी छोटा छेद घेऊन गाठ खरवडून काढली आणि तपासणीला पाठवली. थोडी जरी मागे राहिली तरी दुखणं परत येऊ शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

त्या रात्री टाके चुरचुरत होते, पण ठणका नव्हता. बोट पूर्ण मिटायला मात्र तीन महिने व्यायाम करावा लागला, आणि पेर अजून किंचित जाडच आहे.