मेडिकल बोर्डाने घरी बसवलं, आता काम धरलं तर?

"प्रकृतीमुळे नोकरी सोडावी लागली, पेन्शन सुरू झाली. आता जरा बरं आहे, काहीतरी काम करावंसं वाटतं. पण केलं तर पेन्शन जाईल का? आणि लोक म्हणतील, एवढं जमतं तर मग आजारपणाचं सोंग होतं की काय?"

हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे सल्ल्याला येतात. पेन्शनचं बसल्या बसल्या विचारतात. लोकांचं मात्र उठता उठता, दाराशी पोहोचल्यावर. बोचत असतं ते तेच.

एका गृहस्थांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळिशीच्या पुढे, वीज उपकेंद्रात शिफ्टची नोकरी. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या आवरणावरच हल्ला करते आणि नसांमधून जाणारे संदेश मंदावतात. उजवा पाय ओढला जाऊ लागला, थकवा असा की दुपारी शब्द सापडेनात. मेडिकल बोर्डाने कायमचं अपात्र ठरवलं. दोनेक वर्षं घरात गेली. औषधांनी आजार आटोक्यात राहिला आणि एका जुन्या ओळखीच्या कंत्राटदाराने विचारलं, "ड्रॉइंग तपासायला आणि सामानाचं एस्टिमेट काढायला येता का?"

पत्नीला घेऊन आले, फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, मी कामाला लायक आहे की नाही, तेवढं सांगा."

मी त्यांना बोर्डाचा कागद मोठ्याने वाचायला लावला. त्यात त्यांच्या पदाची कामं एकेक करून लिहिली होती: शिडी चढणं, रात्रपाळी, चालू यंत्रणेजवळ एकट्याने काम. ती जमणार नाहीत, एवढाच निर्णय होता. खुर्चीत बसून ड्रॉइंग वाचण्याबद्दल चकार शब्द नव्हता. इतक्या दिवसांत ते पहिल्या ओळीच्या पुढे गेलेच नव्हते. पत्नी हळूच म्हणाल्या, "मी वाचला होता. पण ह्यांच्यापुढे विषय काढायची सोय नव्हती."

मग लायकीचा प्रश्न बाजूला ठेवला. किती वेळ, कुठल्या वेळी आणि दुसऱ्या दिवशी काय होतं, हे बघायचं ठरलं. जुनी ड्रॉइंग घेऊन घरीच, एक दिवसाआड, खरं काम असल्यासारखं बसायचं आणि वहीत लिहायचं. त्या दिवसाचं तर लिहायचंच, पण दुसऱ्या सकाळचं न चुकता. अशा आजारात आजच्या कामाची उधारी उद्या वसूल होते आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. बरं वाटलं की चार दिवसांचं काम एका दिवसात उरकतात, मग आठवडाभर अंथरूण.

वही बोलकी निघाली. सकाळचे अडीच तास चोख. जेवणानंतर मात्र एका ओळीची संख्या दुसऱ्या ओळीत. आणि एक नोंद जाड अक्षरात: खोली तापली होती, डाव्या डोळ्याने धूसर दिसू लागलं, आजार उलटला या भीतीने रात्रभर झोप नाही. खरं तर गार खोलीत गेल्यावर तासाभरात दिसणं पूर्ववत झालं होतं. ही वही मी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे न्यायला सांगितली. ते माझं क्षेत्र नाही. डॉक्टरांनी समजावलं की शरीराचं तापमान वाढलं की इजा झालेल्या नसांमधून संदेश आणखी अडखळतात आणि गारवा मिळाला की पूर्ववत होतात. यात नवी इजा होत नाही. असं तात्पुरतं धूसर दिसणं उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्येच नोंदवून ठेवलंय. म्हणजे गार खोली ही चैन नव्हती, कामाची अट होती.

पेन्शनच्या बाबतीत मी जरा कडक असते. प्रत्येक योजनेचे नियम वेगळे. कुठे कमाई सुरू होताच पेन्शन थांबते, कुठे ठरावीक रकमेपुढे कापली जाते, कुठे फक्त पूर्वीसारखं काम करायला मनाई असते, तर कुठे ठरावीक काळाने फेरतपासणी होते. त्यामुळे "माझ्या मित्राला काही झालं नाही" हे ऐकून पाऊल टाकू नये. कामाचं स्वरूप, तास आणि अंदाजे मोबदला लिहून रीतसर विचारावं आणि लेखी उत्तर आल्याशिवाय रुजू होऊ नये. लोक विचारायला विसरतात तो प्रश्न वेगळाच: प्रकृतीने पुन्हा हात टेकले, तर बंद झालेली पेन्शन परत सुरू होईल का? आणि "रोख घ्या, कुणाला कळतंय" हा सल्ला देणारे वसुलीची नोटीस आल्यावर फिरकत नाहीत. या गृहस्थांच्या पत्राचं उत्तर यायला वेळ लागला, कंत्राटदार कुरकुरला. पण एका मर्यादेपर्यंत कमाई चालेल, दरवर्षी ती कळवावी लागेल, असं लेखी आलं. कामाचे तास त्या मर्यादेत बसवले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो काठीवर. ज्या दिवशी पाय ठीक असे, त्या दिवशीही ते बाहेर पडताना काठी घेत. कारण विचारलं तर म्हणाले, "जुनं कुणी भेटलं तर? ताठ चालताना बघितलं तर काय म्हणतील?" आजारी दिसण्याची जबाबदारीही त्यांनीच उचलली होती. हा आजार चढउताराचा आहे. खुर्चीत अडीच तास बसता आलं म्हणून रात्री शिडी चढता येते असं होत नाही. हे त्यांना पटत होतं, पण चौकात कुणी हटकलं तर तोंडातून शब्द फुटत नसे. शेवटी त्यांनीच उत्तर बांधलं: "ते काम झेपत नाही, हे झेपतं." पुढे खुलासा नाही.

कंत्राटदाराशी काय बोलायचं, याचीही तालीम केली. पहिल्या खेपेला "माझ्यामुळे तुम्हाला त्रास होईल, पण…" अशी सुरुवात. ती काढायला लावली. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, नोकरी करताना अपंगत्व आलेल्यांचाही कामाचा हक्क मान्य केलाय आणि झेपतील असे बदल नाकारणं हा भेदभाव ठरवलाय. प्रत्यक्षात किती हाती लागतं, ते त्या त्या देशाच्या कायद्यावर असतं. तरी आपण भीक मागत नाही, हे कळलं की आवाज बदलतो. आजाराचा इतिहास सांगत बसायची गरज नाही, गरजा सांगाव्यात. सकाळची वेळ, एक दिवसाआड, गार खोली. चौथी गरज ते लाजून गाळत होते: बसायची जागा स्वच्छतागृहाजवळ. या आजारात लघवीची घाई होणं नेहमीचंच. मी म्हटलं, हीच आधी सांगा. कंत्राटदाराने जागेचं लगेच मान्य केलं, एक दिवसाआडचं मात्र तीन महिने बघू म्हणाला.

चौथ्या महिन्यात त्यांना आजाराचा झटका आला, काही आठवडे घरी राहावं लागलं. तेवढ्यात निम्मं काम दुसऱ्याकडे गेलं, ते परत आलं नाही. उरलेलं ते करताहेत. मध्यंतरी तास वाढवावेत का, असं विचारायला आले. मी वही मागितली, तर लिहिणं केव्हाच सोडून दिलेलं. आधी महिनाभर वही, मग तासांचं बोलू, असं ठरवून परत गेले.