सहलीची यादी निम्मी कर

चिरंजीव पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझी सहलीची यादी वाचली. सहावी-सातवीची मुलं, तीन दिवस, आणि मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रापासून नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रापर्यंत सगळं. तुझी तळमळ कळते, पण ही यादी मला पटली नाही. तीनातले दोन दिवस गाडीतच जातील, आणि उरलेल्या वेळात मुलं बटणं दाबत या दालनातून त्या दालनात पळतील. बटण दाबलं, दिवा लागला, चला पुढं! असं बघितलेलं घरी पोचेपर्यंतही टिकत नाही.

त्यापेक्षा एकच प्रश्न धर आणि मुलांना त्याच्या मागं ने. आपल्याकडं तो प्रश्न पाण्याचाच असावा. ज्या पोरांनी एप्रिल-मेमध्ये टँकरमागं घागरी घेऊन धाव घेतली आहे, त्यांना ‘पाणी वर कसं चढतं?’ असं विचारलं तर ती जीव लावून ऐकतील.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला पहिल्या दिवशी जा. शेजारच्या बाबा शाह मुसाफिर दर्ग्याचा इतिहास ऐकून झाला की मुलांना हौदावरच्या उंच भिंतीसमोर बसव. तिच्या माथ्यावरून पाणी हौदात पडतं. विचार, इथं पंप कुठं आहे? पंप नाहीच. सतराव्या शतकात मलिक अंबरनं या शहरात नहरींनी पाणी आणलं, आणि पाणचक्कीची नहरही त्याच पद्धतीची आहे. लांबच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बंद खापरी नळांतून यायचं आणि नळ बंद असल्यामुळंच इथं पुन्हा वर चढायचं, मूळ झऱ्याच्या जवळजवळ उंचीपर्यंत. ‘जवळजवळ’ या शब्दावर मुलांना अडव. पूर्ण उंचीपर्यंत का नाही? नळाला घासत येताना पाण्याचा थोडा जोर वाटेतच खर्ची पडतो, म्हणून. भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर चाक फिरायचं, चाकाबरोबर जातं, आणि दर्ग्यात उतरणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ निघायचं.

निघण्याआधी वर्गात एक तास यासाठी दे. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आण, दहा-बारा फुटांची. तिच्यात रंगीत पाणी भर. दोन टोकं दोन मुलांच्या हातात दे आणि मधली नळी जमिनीवर लोळू दे. एकानं टोक उचललं की दुसऱ्याच्या टोकातून पाणी सांडेल. ते सांडू दे, आरडाओरडा होऊ दे. मग मुद्दाम नळीत मोठा बुडबुडा अडकव. आता दोन्हीकडची पातळी जुळणार नाही. एखादा शेतकऱ्याचा पोरगा लगेच म्हणेल, ‘बाई, पाइपलाइनला हवा धरली!’ एअर व्हॉल्व्ह कशासाठी असतो हे त्याला बापाच्या हाताखाली काम करून ठाऊक असतं. त्याला सांग, नहरीच्या वाटेवर जागोजागी मनोरे बांधले होते ते हवा बाहेर पडावी म्हणूनच. तो पोरगा पाणचक्कीजवळ तुझ्या आधी बोलायला लागेल, बघ.

त्याच शहरात महात्मा गांधी मिशनच्या आवारात डॉ. कलाम यांच्या नावाचं खगोल-अंतराळ विज्ञान केंद्र आहे. आधी फोन करून वेळ ठरव. परतताना पैठणला जायकवाडी दाखव. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. जवळपास १० किलोमीटर लांबीचं हे धरण मुख्यतः मातीचं आहे. माती एवढं पाणी कशी अडवते आणि भिंत खाली इतकी रुंद का, एवढं विचारून पुढं निघ.

नळदुर्गचा किल्ला तर तुझ्या घरचाच. बोरी नदीवरच्या दगडी बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. पावसाळ्यात दोन्ही अंगांनी नर-मादी धबधबे कोसळतात आणि आतली खोली कोरडी राहते. याचं उत्तर तू देऊ नकोस. मुलांना वहीत बंधाऱ्याचा आडवा छेद काढायला लाव, चुकीचा आला तरी चालेल.

तिथून सोलापूरचं विज्ञान केंद्र जवळ आहे. तिथं चार-चार मुलांचे गट कर. प्रत्येक गटाला एकच उपकरण, अर्धा तास. पाटी सगळ्यात शेवटी वाचायची. आधी हात लावायचा, अंदाज बांधायचा, भांडायचं. एखादं उपकरण बंद असलं तर हिरमुसू नकोस, ते का बंद पडलं असेल ते मुलांना शोधू दे. दुरुस्ती करणारा माणूस भेटला तर त्याला नमस्कार करून दहा मिनिटं माग. विज्ञान केंद्रात सगळ्यात जास्त त्यालाच माहीत असतं, आणि त्याला कुणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाला जमलं तर जरूर जा. लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू आहेत, रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणाही आहेत. गावातल्या जुन्या मंदिराच्या विटा इतक्या सच्छिद्र आणि हलक्या की पाण्यावर तरंगतात, अशी त्यांची ख्याती आहे. आपल्या वीटभट्टीवरची वीट बुडते. मुलांना भट्टीवाल्याकडं पाठव, मातीत तूस-भुसा मिसळला की भाजताना काय होतं ते विचारून येऊ दे.

पैशांअभावी मागं राहणारी मुलं हा माझ्या काळजीचा विषय आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयानं १९६५ साली उपकरणं गाडीवर चढवून खेड्यांत न्यायला सुरुवात केली. पुढं देशभर अशा फिरत्या विज्ञान बसगाड्या निघाल्या. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र विज्ञान केंद्राला धाड, बस तुमच्या केंद्रशाळेत उभी राहिली तर आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची मुलं चालत येतील. शालेय सहलीला एसटीची भाड्यात सवलत असते, आगारात अर्ज आताच दे.

आल्यावर ‘आमची सहल’ असा निबंध लिहायला लावू नकोस. प्रत्येक गटानं आपलं उपकरण घरातल्या वस्तूंतून करून दाखवावं, महिनाभर लागला तरी लागू दे. आणि एखाद्या मुलीला मुक्कामी पाठवायला घरचे तयार नसतील तर तिच्या आईलाही सोबत घे. संभाजीनगरात उतरायची सोय लागली नाही तर कळव, मी तिथल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलतो.

तुझे सर